२३ ऑगस्ट २०१५ : यू मुंबाचे अजिंक्यपद

प्रो कबड्डीच्या दुसऱ्या मोसमात या दिवशी यू मुंबाने वरळीच्या सरदार पटेल स्टेडियममध्ये बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून विजेतेपद पटकावले. आदल्या वर्षी अंतिम फेरीतच जयपूरने यू मुंबाला २४-३५ असे हरवले होते. ती सल मोठी होती. या मोसमात मात्र साखळीत अव्वल राहून उपांत्य सामन्यात पाटण्याचा ३५-१८ असा धुव्वा उडवला. कर्णधार अनुप कुमारचा बोनस टिपणारा पाय आणि बचावात विशाल मानेसारखा मुंबईकर! मोरा बंदरातून लाँचने मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला उतरणाऱ्या, रायगड जिल्ह्यातल्या उरणकरांसाठीही हा घरचाच संघ. कबड्डी रायगडच्या मातीतच मुरलेली आहे.