मंडईतला आवाज, घरातला माईक

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावाची, उद्या शेजारच्या गावाची, असा तो क्रम धान निघेपर्यंत आणि पुढेही चालतो. या मंडयांमध्ये भरदिवसा, उघड्या मैदानावर दुय्यम खडी गंमत उभी राहते. दोन शाहीर, दोन पार्ट्या आणि सवाल-जवाब. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि टाळ यांच्या गजरात, पाळण्यांच्या नि विक्रेत्यांच्या गोंगाटातून, शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे, ही त्या गायकीची पहिली अट होती. साथीदार उभे राहून वाजवतात म्हणून ही ‘खडी’ गंमत. उभ्याने गायचे, मान वर ठेवायची आणि ओळीचा शेवटचा स्वर खेचून झीलकऱ्यांच्या हाती द्यायचा, ही रीत विजेच्या आधीची आहे. दंडारीचेही तसेच. टेंभ्यांच्या उजेडात रात्रभर चालणाऱ्या त्या खेळाला आवाज वाढवणारे कोणतेही साधन नव्हते, गळा हेच साधन. घरच्या ध्वनिमुद्रणासाठी परवडणारा कंडेन्सर माईक कसा निवडावा, हा आज गावोगावच्या तरुण गायकांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर या गळ्याच्या इतिहासात शोधावे लागते, किमतीच्या तक्त्यात ते मिळत नाही. माईक निवडताना आपण एक ठरावीक प्रकारचा आवाज चांगला मानून चालतो, आणि तो आवाज आपल्या मैदानात घडलेला नाही.

भारतातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. तेव्हा माईक नव्हता. गाणाऱ्याने एका कर्ण्यात तोंड घालून जोराने गायचे, आणि त्या हवेच्या दाबाने सुई मेणात रेघ कोरायची. या यंत्राला मोठा, धारदार, दूरवर जाणारा आवाज लागे. म्हणजे खडी गंमतीच्या शाहिराचा गळा त्याला तंतोतंत मानवला असता. पण कर्णा वैनगंगेच्या काठी आला नाही. तो कलकत्ता, मुंबई, दिल्ली अशा शहरांत फिरला आणि जिथे तबकड्या विकत घेणारे होते तिथलेच गाणे त्याने टिपले. १९२५ साली विजेवर चालणाऱ्या माईकने ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा चित्र उलटे झाले. आता कुजबुजही टिपता येत होती. मराठी भावगीत याच काळात बहरले, हा योगायोग नाही. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि घराघरांत गेली. कवी विदर्भातला, पण आवाज माईकजवळचा, हळुवार. ते गाणे सुंदरच आहे. मात्र त्या यशानंतर हळुवार आवाज म्हणजे संस्कारित आवाज आणि मैदानी आवाज म्हणजे ओरडणे, अशी एक श्रेणी मराठी कानात रुजली. यंत्राच्या सोयीतून आलेली आवड पुढे सौंदर्याचा नियम म्हणून मिरवू लागली. भंडाऱ्यासकट पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या शाहिराला कर्ण्याच्या काळात बाजारपेठ नव्हती आणि माईकच्या काळात प्रतिष्ठा उरली नाही.

कंडेन्सर माईकचा जन्म याच संक्रमणातला. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ई. सी. वेंट यांनी तो १९१६ साली घडवला, तो टेलिफोन आणि ध्वनिमापनाच्या कामासाठी. तत्त्व साधे आहे. एक अतिशय पातळ पडदा, त्यामागे अगदी जवळ एक धातूची चकती, आणि दोघांमध्ये विद्युतभार. आवाजाने पडदा हलला की मधले अंतर बदलते आणि तेवढाच विजेचा दाब बदलतो. पडद्याला तारेचे वेटोळे ओढावे लागत नाही, म्हणून तो बारीकसारीक कंपनेही टिपतो. बर्लिनच्या गेओर्ग नॉयमान यांनी १९२८ पासून असे माईक कारखान्यात बनवून विकायला काढले. त्यांच्या गाजलेल्या कॅप्सूलांतली, म्हणजे पडदा-चकतीच्या जोडीतली, मागची चकती पितळेची असते, बारीक छिद्रे पाडलेली. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्याच्या वाचकाला हे आवर्जून सांगावेसे वाटते. चकतीची सपाटी, छिद्रांची खोली, पडद्याचा ताण हे सगळे कारागिराच्या हातावर अवलंबून होते. म्हणून ते माईक महाग, आणि महाग म्हणून स्टुडिओपुरते. १९४८ साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा भंडाऱ्याच्या कलावंताला चांगल्या माईकसमोर उभे राहायची सोय साठ-पासष्ट किलोमीटरवर आली. पण तिथे जायचे म्हणजे आवाज शोषणाऱ्या भिंतींच्या शांत खोलीत, बैठकीत, घड्याळाकडे बघत गायचे. मैदानात तासन्‌तास रंगणारा सवाल-जवाब त्या खोलीत मावणारा नव्हता.

मग कंडेन्सर भंडाऱ्यात कधी आला? बहुतेकांना वाटते, इंटरनेटवरून खरेदी सुरू झाल्यावर. खरे तर तो त्याच्या कितीतरी आधी घरात येऊन बसला होता. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माईक शोधला. यात विद्युतभार बाहेरून द्यावा लागत नाही, तो पदार्थातच कायमचा भरलेला असतो. त्यामुळे कंडेन्सर हरभऱ्याएवढा झाला आणि कवडीमोल किमतीत बनू लागला. १९८०च्या दशकात घरोघरी पोचलेल्या कॅसेट रेकॉर्डरच्या कोपऱ्यात जाळीमागे जे लहानसे छिद्र असे, तिथे हाच माईक होता. आजही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘कंडेन्सर माईक’ मागितला तर पुष्कळदा हीच लहान गोळी हातात पडते. लग्नातली गाणी, भजनी मंडळांचे खंजिरीचे ठेके, गावातल्या नाटकांची पदे, जे काही घरगुती कॅसेटींवर उरले ते या गोळीने टिपलेले आहे. त्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय असे. शाहिराने आवाज चढवला की यंत्र तो खाली दाबे, तो थांबला की मागचा पंखा वर उचले. जुन्या कॅसेटवर गाणे दमलेले का वाटते, याचे एक मोठे कारण हे आहे. दोष गळ्याचा नव्हता.

मैदानात मात्र वेगळाच माईक पोचला. बिछायत केंद्राकडून मंडप, सतरंज्या आणि भोंगे येत, त्यांच्यासोबत येणारा माईक डायनॅमिक जातीचा असे. त्यात चुंबक आणि तारेचे वेटोळे. धक्के खाणारा, धूळ सोसणारा आणि जवळचेच ऐकणारा. झाडीपट्टीच्या नाटकांत रंगमंचावर वरून माईक टांगले गेले आणि नटांनी त्यांच्या खाली येऊन संवाद म्हणायची सवय लावून घेतली. खडी गंमतीच्या शाहिरालाही माईक मिळाला, पण त्याने गळा सोडला नाही. माईक असूनही तो मैदानाला उद्देशूनच गातो. या दुहेरी सवयीतून आजचा गायक घडला आहे. तान चढली की तो माईकपासून एक पाऊल मागे जातो. मंडपात हे शहाणपणाचेच आहे, कारण तिथे मागे भिंत नाही.

घरात मागे भिंत आहे, आणि तिथेच स्वस्त कंडेन्सरचा घोटाळा होतो. दहा बाय बाराच्या सिमेंटच्या खोलीत, फरशीवर, वर टिनाचे छत असताना मैदानी गळा सुटला की आवाज चारही बाजूंनी परततो. कंडेन्सर हे परतणे प्रामाणिकपणे टिपतो, पंखा आणि शेजारचा कुकरही टिपतो. गायक एक पाऊल मागे सरला की थेट आवाज कमी होतो, खोली मात्र तेवढीच राहते. अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो, हा निसर्गनियम आहे आणि महागड्या माईकनेही तो मोडत नाही. मोठा आवाज कंडेन्सर फाडतो, ही समजूत मात्र खोटी आहे. परवडणाऱ्या माईकपैकी ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० घ्या, तो १४४ डेसिबलपर्यंतचा दाब सोसतो असे त्याचे मापपत्रक सांगते. कोणत्याही शाहिराचा गळा त्याच्या पुढे जात नाही. फाडतो तो माईक जोडलेल्या इंटरफेसवर वाढवून ठेवलेला गेन, म्हणजे ध्वनिवर्धनाची पातळी. हे न कळल्यामुळे गायकाला ‘हळू गा’ असे सांगितले जाते, आणि कर्ण्यानंतरच्या शंभर वर्षांत रुजलेली ती श्रेणी पुन्हा एकदा झाडीच्या गळ्यावर लादली जाते.

दुसरी गोष्ट उच्चारांची. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आयुष्यभर अभ्यास केला. ‘ण’, ‘ळ’, ‘श’ हे वर्ण या बोलीत नाहीत, हे त्यांच्या मांडणीतले एक ठळक सूत्र. ‘श’च्या जागी ‘स’ येतो, म्हणजे झाडीबोलीच्या गाण्यात ‘स’ची संख्या प्रमाण मराठीपेक्षा जास्त. स्वस्त कंडेन्सरांपैकी बऱ्याच माईकांत वरच्या कंप्रता मुद्दाम उचललेल्या असतात, म्हणजे पहिल्या ऐकण्यात आवाज ‘चकचकीत’ वाटतो. त्या उचललेल्या पट्ट्यात नेमका ‘स’ बसतो आणि सुईसारखा टोचू लागतो. पुण्या-मुंबईच्या आवाजावर छान वाटलेला माईक लाखांदूरच्या आवाजावर कर्कश का वाटतो, याचे उत्तर इथे आहे. म्हणून माईक निवडताना दुसऱ्याच्या आवाजातले नमुने ऐकून भागत नाही. आपल्या बोलीतले, ‘स’ने भरलेले चार शब्द त्यावर म्हणून पाहिले पाहिजेत, आणि माईक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरका धरून पाहिला पाहिजे.

१९९०च्या दशकापासून मोठ्या पडद्याच्या कॅप्सूली चिनी कारखान्यांत बनू लागल्या आणि कंडेन्सरची किंमत कोसळली. याचे मी स्वागतच करतो. पण दोन हजारांच्या आत मिळणाऱ्या, बीएम ८०० या नावाने विविध छापांखाली विकल्या जाणाऱ्या माईकात मोठ्या जाळीमागे बहुधा तीच जुनी कॅसेट रेकॉर्डरची गोळी असते. ती वाईट नाही, पण स्टुडिओचा माईक म्हणून घेऊ नये. निवडताना एक आकडा जरूर पाहावा, तो म्हणजे माईकचा स्वतःचा खरखराट. एटी २०२०चा तो २० डेसिबल आहे, रोड कंपनीच्या एनटी१-एचा ५. दणदणीत गाणाऱ्या शाहिराला हा फरक जाणवणारही नाही, म्हणून त्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्याच पैशात जाड गोधड्या आणि घोंगड्या भिंतींवर टांगाव्यात, किंवा साधा डायनॅमिक माईक घ्यावा. माझे मत स्पष्ट आहे. उघड्या भिंतींच्या खोलीत खडी गंमतीच्या गळ्याला चांगला डायनॅमिक माईक मध्यम कंडेन्सरपेक्षा अधिक न्याय देतो.

यावर आक्षेप असा येईल की मग कंडेन्सर नकोच का? तसे नाही. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण, तुणतुण्याच्या तारेचा कंप आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे म्हाताऱ्या बायांचे आवाज, यांना कंडेन्सरच हवा. दळताना म्हटलेली ओवी ही मैदानासाठी नव्हतीच, ती स्वतःसाठी आणि सोबतीणीसाठी होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पण त्या संग्रहाचा मोठा भाग पश्चिम महाराष्ट्रातला आहे. झाडीपट्टीतल्या ओव्यांसाठी इथल्याच घरांतून काम व्हावे लागेल. तिथे आवाज क्षीण असतो, गेन वाढवावा लागतो, आणि मग तो ५ नि २० डेसिबलमधला फरक खरा पैशाचा ठरतो. म्हणजे गंमत अशी की दणदणीत शाहिराला स्वस्त माईक पुरतो आणि हळू बोलणाऱ्या आजीला चांगला लागतो. बाजार सांगतो त्याच्या नेमके उलट.

दुसरा आक्षेप मोबाईलचा. सगळे त्यातच होत असताना माईक कशाला? मोबाईलमध्येही चांगले सूक्ष्म माईक असतात, पण त्याची घडण फोनवरच्या बोलण्यासाठी आहे. बोलण्याखेरीजचा आवाज म्हणजे गोंगाट, असे धरून तो पुष्कळदा डफ आणि टाळ दाबतो, आणि पातळी आपोआप सारखी करण्याची कॅसेटच्या काळातली खोड त्याच्यातही आहे. काहीच नसण्यापेक्षा मोबाईल शतपट चांगला, हे मान्य. पण त्यावर घेतलेला सवाल-जवाब उद्या कोणी ऐकेल तेव्हा त्याला मैदानातला चढ-उतार ऐकू येणार नाही, आणि तो चढ-उतार हाच तर सवाल-जवाबाचा जीव आहे.

हवामानाचेही बघावे लागते. भंडाऱ्यात पावसाळा दमट आणि भरपूर असतो, आणि विद्युतभारावर चालणाऱ्या पडद्याला ओल बाधते. माईक तडतडू लागतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तो ठेवावा, आणि महत्त्वाचे ध्वनिमुद्रण दिवाळीनंतर करावे. मंडयांचा हंगाम तोच असल्याने कलावंतांचे गळेही तेव्हा तयार असतात. साठवताना फाईल दाबलेल्या स्वरूपात न ठेवता मूळ वेव्ह स्वरूपात, २४ बिटमध्ये ठेवावी.

आणि एक विनंती. १९०२च्या तबकड्यांवर गाणे संपता संपता गौहर जान आपले नाव उच्चारत, कारण मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जात आणि तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळावे लागे. झाडीपट्टीच्या किती कॅसेटींवर आज फक्त आवाज उरला आहे, नाव नाही. तुमच्या घरात माईक कोणताही असो, गाणे संपले की तो लगेच बंद करू नका. शाहिराला त्याचे नाव, गाव, तालुका आणि तारीख त्याच दमात बोलू द्या.