देवळालीचे कापरेकर आणि माहितीच्या पर्याप्ततेचा प्रश्न

लासलगावहून मुंबईकडे जाताना नाशिकरोडच्या पुढे देवळाली हे स्थानक लागते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905-1986) यांनी 1930 ते 1962 या काळात तेथे शाळाशिक्षक म्हणून अध्यापन केले. पदव्युत्तर पदवी नसल्याने व विषय अंकांच्या गमतींचा वाटल्याने अनेक अभ्यासकांनी त्यांच्या कार्याची उपेक्षा केली. मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर ही दृष्टी काहीशी बदलली. त्यांचे कार्य केवळ गमतीचे होते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्पर्धा परीक्षांत ‘दिलेली माहिती उत्तरासाठी पुरेशी आहे काय?’ असा प्रश्नप्रकार असतो. कापरेकरांचा त्याच्याशी संबंध जोडणे कालविपर्यासाचे ठरेल. तथापि अंकांच्या बेरजेवरून संख्येविषयी किती निश्चितपणे सांगता येते, हा त्यांच्या लेखनातील मूलभूत प्रश्न त्याच जातीचा आहे.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस त्यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. (आयव्हन निवेन यांच्या 1977 मधील व्याख्यानानंतर पाश्चात्त्य लेखनात तीच संख्या निवेन यांच्या नावे रूढ झाली, हे खेदाने नमूद करावे लागते.) एखाद्या संख्येच्या अंकांची बेरीज 9 आहे, एवढे कळले तरी ती हर्षद आहे हे सिद्ध होते. बेरीज 12 असेल तर मात्र तसे म्हणता येत नाही: 48 हर्षद आहे, 39 नाही. आता संख्येला 4 ने भाग जातो, असे दुसरे विधान घेऊ. तेही एकटे अपुरेच, कारण 12 हर्षद असून 16 नाही. दोन्ही विधाने एकत्र घेतली की बेरजेमुळे 3 ने विभाज्यता मिळते, आणि 3 व 4 सहमूळ असल्याने 12 ने भाग जातोच. दुसऱ्या विधानात 4 ऐवजी 2 असता तर 66 ही संख्या आडवी आली असती. विद्यार्थी नेमके येथेच घसरतात. अनुकूल उदाहरण सापडताच ते माहिती पुरेशी मानतात, प्रतिउदाहरण शोधत नाहीत.

6174 या सुप्रसिद्ध स्थिरांकाबाबतही हेच दिसते. सर्व अंक समान नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि वजाबाकी करावी. ही कृती जास्तीत जास्त सात वेळा केल्यास 6174 येते. अंकांची बेरीज क्रमाने बदलत नाही, म्हणून प्रत्येक वजाबाकी 9 ने विभाज्य असते. शेवटी 6174 च का, हे सांगण्यास मात्र एवढी माहिती पुरत नाही. तेथे शक्यता एकेक करून तपासाव्याच लागतात. 6174 च्या अंकांची बेरीज 18 असून 18 ने भागल्यास 343 येतात. अर्थात ही संख्याही हर्षदच आहे.