अळणी रविवार



रविवारी अळणी जेवायचं, हा आमच्या आजेसासूबाईंचा नेम. दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि मीठ हे सहा रस. ते सोडणं म्हणजे रसपरित्याग, सहा बाह्य तपांपैकी एक. हेतू जीभ जिंकण्याचा, पोटाचा नव्हे.

पण पोटाचा विचारही आपल्याकडे जुनाच. चरकसंहितेच्या विमानस्थानात मीठ रुची आणतं, अन्न पचवतं असं म्हटलंय. तरीही पिंपळी, क्षार आणि मीठ फार खाऊ नये, असं बजावलंय. दाखला दिलाय बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू आणि सौवीर देशच्या लोकांचा. ते दुधाबरोबरही मीठ खात. म्हणून त्यांना थकवा येई, अंग शिथिल पडे.

आजचं वैद्यकही सांगतं, की अति मिठानं जठराच्या अस्तराला इजा होते. खारवलेल्या पदार्थांचा जठराच्या कर्करोगाशीही संबंध आढळलाय. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा.

चातुर्मासात हिरवी भाजी सुटली, की आपल्या ताटात पापड वाढतात. रविवारी अळणी आणि सोमवारी दुप्पट खारट, तर जीभ जिंकली कुणी?