झिजलेल्या नाण्यांचा गणिती

पेशवाईत सगळे रुपये सारख्या मोलाचे नव्हते. चांदवडी, अंकुशी, हाली शिक्का असे टांकसाळीगणिक रुपये वेगळे, आणि पेठेत प्रत्येकाचा भाव वेगळा. त्यातही नाणे जितके जुने आणि घासलेले, तितका त्याला बट्टा अधिक. गावात सारा भरताना पोतदार नाणे पारखून घेई, शहरात तेच काम सराफाचे. नाणे फरशीवर वाजवायचे, कस बघायचा, काट्यावर टाकायचे. खरे ठरलेल्या नाण्यावर सराफ कधी कधी आपली बारीक खूणही ठोकत. मुघल रुपयांवर अशा खुणा पुष्कळ सापडतात.

आमची सराफी रविवार पेठेतली, पिढीजात. नाणे हातोहात फिरून झिजते आणि ती झीज मोजता येते, हे मी गुंज, मासा, तोळा शिकलो तेव्हाच शिकलो. म्हणूनच दामोदर धर्मानंद कोसंबी हे मला फार जवळचे वाटतात. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात. पण त्यांचा पेशा गणिताचा. गोव्यात 1907 साली जन्म, वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. दामोदर 1929 साली हार्वर्डमधून पदवी घेऊन परतले, बनारस आणि अलीगढला शिकवून 1933 साली फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पुढे 1946 ते 1962 मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. घर पुण्यातच ठेवून डेक्कन क्वीनने जा-ये करत. जनुकांच्या नकाशासाठी त्यांनी मांडलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरले जाते.

नाण्यांकडे ते वळले संख्याशास्त्रामुळे. हा विषय ते स्वतःच शिकत होते आणि हाताशी खरीखुरी आकडेवारी हवी होती. ती त्यांना आहत नाण्यांत मिळाली. ही आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी. चांदीचा पत्रा कापून तुकडा वजनात बसवायचा आणि त्यावर एकेक करून पाच ठसे मारायचे. ना राजाचे नाव, ना साल. वजनाचे माप 32 गुंजांचे, पण त्या काळची गुंज आमच्या गुंजेहून हलकी असावी, कारण नाणे साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर भरते. तक्षशिलेच्या भीर टेकाडात 1924 साली अशा हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातच अलेक्झांडरची नाणी होती, आजच टांकसाळीतून आल्यासारखी कोरी. म्हणजे साठा कधी पुरला गेला ते कळले. पण बाकीची नाणी त्याआधी किती वर्षे फिरत होती?

कोसंबींनी ती सूक्ष्म काट्यावर एकेक करून तोलली. त्यांचा तर्क असा. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांची वजने एकमेकांच्या जवळ असतात. वापरात ती झिजतात, सरासरी उतरते. पण सगळी सारखी झिजत नाहीत. एखादे कोणाच्या मडक्यात पडून राहते, एखादे रोज हात बदलते. त्यामुळे वजनांतली तफावत वाढत जाते. सारख्या ठशांच्या नाण्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाची सरासरी नि तफावत काढली, की कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा हे मांडता येते. तर्क पडताळायला त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणीही तोलली. त्यांच्यावर साल छापलेले, तेव्हा वय आणि झीज यांचा मेळ थेट घालता येतो. नाणेशास्त्रात तोवर ठशांच्या आकारावर वाद चालत. या माणसाने तिथे तराजू आणला. याचे मोल मला फार मोठे वाटते.

ठसे कुठल्या राजांचे, हे शोधताना जुने ग्रंथ उघडावे लागले आणि त्यासाठी संस्कृत पक्के करावे लागले. त्यातून भर्तृहरी हाती लागला. शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती 1948 साली काढली. पुढे पुण्याभोवतीच्या टेकड्या, गारगोटीची सूक्ष्म हत्यारे, वाटेवरची देवीची ठाणी, आणि 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचे ते गाजलेले पुस्तक. या सगळ्यात त्यांनी गणित वाया घालवले असे म्हणणारे होते. मला ते पटत नाही. गणित बाजूला ठेवून ते नाण्यांकडे आले नव्हते, गणित घेऊनच आले होते.

कोणता ठसा कोणत्या राजाचा, याविषयीचे त्यांचे निष्कर्ष नंतरच्या सगळ्या नाणेतज्ज्ञांनी स्वीकारले नाहीत. पण एका निष्कर्षावर माझा जीव आहे. या नाण्यांच्या मागल्या बाजूला लहान लहान खुणा असतात. कुठे एक, कुठे बऱ्याच, कुठे एकही नाही. कोसंबींनी खुणांच्या संख्येप्रमाणे नाणी वेगळी करून तोलली, तर खुणा वाढतील तसे सरासरी वजन उतरत गेलेले दिसले. त्यांनी अर्थ लावला की ठरावीक काळाने व्यापारी नाणी तपासत आणि तपासल्याची खूण ठोकत. नाणे मुळात व्यापाऱ्याचे, राजा त्यात मागाहून आला, असेही त्यांचे मत होते. मुघल रुपयांवर सराफांनी जे केले, तेच तक्षशिलेच्या पेठेत दोन हजार वर्षांपूर्वी चालले होते, हे त्यांनी वजनावरून दाखवले. आमच्या धंद्याचा इतका जुना पुरावा मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही.