उपग्रह-रडार आणि नागरी क्षेत्रांचे मानचित्रण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नकाशात ज्या वस्तीची नोंद होते, तिचाच विचार पाणीपुरवठा, रस्ते व पुनर्वसन यांच्या नियोजनात प्रामुख्याने होतो. त्यामुळे नकाशा तयार करणारे साधन काय पाहते आणि काय पाहू शकत नाही, हा प्रश्न सामाजिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात उपग्रह-रडारच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जून १९७८ मध्ये अमेरिकेने सोडलेला ‘सीसॅट’ हा उपग्रह समुद्राच्या अभ्यासासाठी होता. अवघ्या साडेतीन महिन्यांत तो निकामी झाला. तथापि त्याच्या सिंथेटिक अपर्चर रडारने भूभागाच्या व शहरांच्याही प्रतिमा टिपल्या. रडार स्वतः सूक्ष्मलहरी सोडून त्यांचे परावर्तन नोंदविते. म्हणून रात्र किंवा ढग यांचा त्यास अडथळा होत नाही. जमीन व भिंत यांच्या काटकोनावर दोनदा आदळून लहर उपग्रहाकडे परतते आणि इमारती तेजस्वी दिसतात. मात्र रस्त्यांची रचना उपग्रहाच्या मार्गाशी तिरकस असल्यास तशीच वस्ती मंद दिसते.

युरोपच्या ‘ईआरएस-१’ (१९९१) व ‘ईआरएस-२’ (१९९५) या उपग्रहांनी पुढचा टप्पा गाठला. एका दिवसाच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमांची तुलना केली असता इमारतींकडून येणारा संकेत स्थिर राहतो, तर वनस्पतींचा बदलतो. या भेदामुळे बांधीव क्षेत्र वेगळे करणे सुलभ झाले.

जागतिक नकाशा आणि त्याची मर्यादा

जर्मनीच्या ‘टेरासार-एक्स’ (२००७) व ‘टँडेम-एक्स’ (२०१०) या उपग्रहांच्या, मुख्यतः २०११-१२ मधील सुमारे १,८०,००० प्रतिमांवरून जर्मन अवकाश संस्थेने ‘ग्लोबल अर्बन फूटप्रिंट’ हा जगातील वस्त्यांचा सुमारे १२ मीटर सूक्ष्मतेचा नकाशा सिद्ध केला. त्यात ‘वस्ती’ म्हणजे मूलतः उभी बांधकामे होत. केवळ फरसबंद भूमी, उदाहरणार्थ रस्ते व धावपट्ट्या, त्यात गणली जात नाही. म्हणजेच शहराची व्याख्या येथे अंशतः यंत्राच्या स्वभावाने ठरविली आहे.

भारतीय संदर्भ

पावसाळ्यात मुंबईवर दीर्घकाळ ढग असतात; अशा वेळी रडारची उपयुक्तता स्पष्ट आहे. भारताने २०१२ मध्ये ‘रिसॅट-१’ आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या सहकार्याने ‘निसार’ प्रक्षेपित केला. परंतु दाटीवाटीच्या, ठेंगण्या व अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांत स्वतंत्र घर ओळखणे रडारलाही कठीण जाते. जर्मन संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील झोपडपट्ट्या एकेका घरावरून नव्हे, तर प्रतिमेच्या एकंदर पोतावरून शोधल्या, ही बाब बोलकी आहे.

निष्कर्ष

रडार-प्रतिमेतील तेज हे बांधकामाच्या रचनेचे द्योतक आहे, लोकसंख्येचे नव्हे. वस्तीची सीमा व विस्तार यांसाठी हे साधन मोलाचे असले, तरी त्या वस्तीत किती माणसे राहतात, हे प्रत्यक्ष सर्वेक्षणाशिवाय कळत नाही. प्रतिमेत मंद दिसणारी वस्ती नियोजनातही मंद राहू नये, यासाठी या दोन्ही पद्धतींची सांगड घालणे आवश्यक आहे.