चपला काढा, कांची आली

चपला इथंच काढा. मोबाइलही ठेवून द्या, कृष्णदेवरायाच्या काळात त्याचा काही उपयोग नाही. समोर एकांबरेश्वराचं गोपुर दिसतंय ना? कृष्णदेवरायानं 1509 मध्ये उभारलेलं. अजून नवंकोरं आहे, मान मागं टाकून बघितलं तरी टोक दिसत नाही. पण ते मागाहून. उजाडायच्या आत विणकरांच्या गल्लीत पोचायचंय.

जपून! गल्लीभर ताणा पसरलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत हजारो रेशमी धागे ताणलेत आणि माणसं दोन्ही बाजूंनी चालत तांदळाची खळ लावताहेत. नाकात शिरतोय तो आंबूस वास खळीचा, त्यामागचा उग्र वास ओल्या रेशमाचा. सगळ्यांची घाई चाललीय उन्हाच्या धाकानं. वैकासी महिना, म्हणजे आपला वैशाख-जेठ. ऊन तापलं की खळ कडक होते नि धागा तुटतो. ताण्याकडे वळलेल्या गाईला एक आजी तेलुगूतून दटावतेय. रेशमाचे कारागीर आंध्रातून आले असं गाव सांगतं.

आता वाकून या घरात शिरा. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलाय, शेजारी एक पोर. अंग लाल, काठ हिरवे, म्हणून धोटे तीन. विणकराचा लाल धोटा काठाच्या हद्दीपर्यंतच जातो. तिथं लाल धागा हिरव्यात अडकतो आणि माघारी फिरतो. पलीकडच्या काठाचा धोटा पोराच्या हातात. खट्, सर्र, खट्. एक ओळ झाली. पुन्हा तेच, दोन्ही काठांशी, संपूर्ण साडीभर. पोराचा हात एकदा जरी रेंगाळला तरी काठाची रेघ वाकडी जाईल. तो मात्र तुमच्याकडे बघून हसतोय आणि धोटा बरोबर वेळेवर फेकतोय! रेशमाचं कौतुक करणाऱ्यांनी आधी या मनगटाला दाद द्यावी.

बाहेर शंख वाजला. पालखी चाललीय, पण आत सरदार वगैरे नाही, कैकोळ विणकर आहे. कांचीच्या कैकोळांना हा मान आहे, आणि परगावच्या विणकरांनाही तो कांचीच्याच दाखल्यावर मिळालाय.

भूक लागली असेल. वरदराजाच्या देवळात चला. बांबूच्या लांबट टोपलीत पानं घालून उकडलेली इडली. मिरी, जिरं, सुंठ, हिंग आणि वर तूप. मिरची मागू नका, ती अजून या ताटात पोचलेली नाही. मिरीच कानशिलं तापवेल.

रात्री फार झोपू नका. उद्या गरुडोत्सव. पहाटेच नागस्वरांचा गजर होईल, ढोल छातीत घुमतील, कापूर-तुळशीच्या वासात घामाचा वास मिसळेल. गरुडावर बसलेला वरदराज थोरल्या छत्र्यांखाली बाहेर येईल तेव्हा गर्दी तुम्हाला उचलून पुढं नेईल. धक्के खा, हात जोडा आणि देवाच्या अंगावरचं रेशीम डोळे भरून बघा.