जेजुरी (काव्यसंग्रह)

अरुण कोलटकर (मृत्यू 2004) यांचा इंग्रजी काव्यसंग्रह. पुणे जिल्ह्यातील जेजुरी या खंडोबाच्या क्षेत्राला दिलेली भेट हा त्याचा विषय (पहा : खंडोबा, जेजुरी, क्षेत्र).

कोलटकर 1960 नंतरच्या काही वर्षांत जेजुरीला गेले होते. कविता 1974 मध्ये एका नियतकालिकात आल्या. पुस्तक मुंबईच्या ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींच्या सहकारी प्रकाशनाने 1976 मध्ये काढले. कोलटकर त्याच्या संस्थापकांपैकी होते. 1977 मध्ये संग्रहाला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.

संग्रहात 31 कविता आहेत. क्रम प्रवासाचा : आरंभी एस.टी. बस, अखेरीस रेल्वे स्थानक. निवेदक श्रद्धावान नाही आणि नास्तिकही नाही. पुजारी, भिकारीण, पडके देऊळ, त्यात व्यालेली कुत्री हे तो सारख्याच अलिप्तपणे टिपतो. देव कोणता आणि दगड कोणता, ही सीमारेषा अनेक कवितांत पुसट होते. हातपाय नसलेला यशवंतराव देवळाबाहेरचा देव आहे. खंडोबाचे उपासक वाघ्या व मुरळी यांची स्वतंत्र गीते असून तेथे निवेदकाचा आवाज बाजूला सरतो (पहा : वाघ्या-मुरळी). भाषा बोलीजवळची, काही कवितांत विरामचिन्हे अत्यल्प.

भारतीय इंग्रजी कवितेच्या चर्चेत हा संग्रह मध्यवर्ती ठरला. दृष्टी पर्यटकाची, असा आक्षेप मराठी लेखक-समीक्षक भालचंद्र नेमाडे यांनी घेतला (पहा : देशीवाद). त्याला उत्तर म्हणून परंपरेपासूनचे तुटलेपण हाच कवितांचा विषय असल्याचे मांडले जाते; संहितेचा कल या दुसऱ्या वाचनाकडे अधिक आहे. कोलटकरांची मराठीतील ‘जेजुरी’ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली (पहा : कोलटकर, अरुण).